काळजाचं तोंड

पास्कुआलाला आयुष्यात हजारदा तरी बाळंतपणाच्या कळा आल्या, आणि मूल तिला एकही नव्हतं. तिला क्षय झाला, हगवण लागली, कुऱ्हाडीनं पायाचा अंगठा तुटला, दारू पिऊन नवऱ्यानं मारलं. नवरा तरी कुठं होता? पण डॉक्टरच्या खोलीत उभी राहिली की ती कधी 'ही बाई असं म्हणते' म्हणायची नाही. रोगी आमच्या डोंगरातल्या किचे भाषेत जे सांगेल ते ती डॉक्टरला स्पॅनिशमध्ये त्याच्याच तोंडानं सांगायची. मला तीन दिवस ताप आहे. माझं लेकरू दूध ओढत नाही. मला भीती वाटते. नवे पाहुणे डॉक्टर आले की गोंधळून जायचे, आजारी नक्की कोण आहे, ही की ती?

मी मार्सेलिना, जवळच्यांची मार्सेला. मिशनच्या दवाखान्यात रांधते, चादरी धुते, आणि माझं तोंड वाईट आहे असं सगळे म्हणतात. असेल. मागच्या महिन्यात पास्कुआलाला मातीत ठेवलं तेव्हा पाळकांनी चार शब्द सांगितले. देवाची नम्र दासी, म्हणे. मी तिथंच दात-ओठ खाल्ले. नम्र कसली डोंबलाची? तेहतीस वर्षं मी तिला रोज सकाळी मक्याचं आतोल पाजलंय. पेज जरा कमी गोड झाली तर वाडगा परत पाठवायची. नम्र नव्हती ती. ती भित्री होती, आणि एकदाच तिनं भीती सोडली. ते पाळकांना माहीत नाही, म्हणून मी सांगते.

ती पाचोखची. दवाखान्यापासून वर चढायला तीन तास. आई लवकर गेली, बापानं दुसरी केली आणि अकराव्या वर्षी पोरीला राजधानीत एका घरी कामाला धाडलं. तिथली मालकीण हिच्या तोंडून किचेचा एक शब्द निघाला की लाकडी पळीनं हातावर मारायची. आठ वर्षांत पास्कुआला स्पॅनिश अशी शिकली की डोळे मिटून ऐकलं तर शहरातलीच वाटावी. परत आली ती फ्रॉक घालून, केस कापून. गावानं तिला जे हसून घेतलं ते विचारू नका. स्वतःची भाषा बोलताना अडखळायची, माग लावता येत नव्हता, भाकरी थापली तर तिला कोपरे यायचे.

सेफेरिनानं तिला घरात घेतलं. सेफेरिना हिच्याहून दोन वर्षांनी मोठी, नुकतंच लग्न झालेली. तिनं आपलं जुनं नेसण हिला नेसवलं, कमरेला माग बांधून विणायला शिकवलं आणि हसायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावलं. तिच्या नवऱ्यानं, गास्पारनं, फळ्या ठोकून निजायला पलंग करून दिला. गास्पार लाकूडफाटा वाहायचा. चामड्याचा पट्टा कपाळावर घ्यायचा, त्याला पाठीवरची मोळी अडकवायची, आणि डोंगर उतरून बाजारात जायचा. बोलायला कमी, पण माणूस लाखात एक. त्या दोघांचं घर म्हणजे पास्कुआलाचं माहेरच समजा.

दवाखाना तेव्हा नुकता उभा राहिला होता. डॉक्टर उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातले. त्यांचं खरं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्यांना डॉन कार्लोस म्हणायला लागलो, आणि पुढं त्यांची बायकोसुद्धा तेच म्हणायला लागली. देवमाणूस, पण भाषेच्या नावानं बोंब. स्पॅनिश पुस्तकातलं. किचे शिकायला त्यांनी जीव टाकला, पण आमचे घशातले आवाज त्यांच्या घशात अडकायचे. एकदा चर्चमध्ये उठून सगळ्यांना 'बसा' म्हणायला गेले आणि 'सुजा' म्हणाले. म्हाताऱ्या बायका शाली तोंडात कोंबून हसल्या. त्या दिवसापासून त्यांनी तो नाद सोडला आणि पास्कुआलाला कामावर ठेवलं. डोंगरातल्या बायामाणसांना स्पॅनिश येत नाही, डॉन कार्लोसना किचे येत नाही, मध्ये ही. ही एक दिवस आली नाही तर दवाखाना मुका.

आता त्या शब्दाचं सांगते. छातीचं हाड संपतं आणि पोट सुरू होतं त्या खळग्याला आमच्यात 'काळजाचं तोंड' म्हणतात. जळजळलं की तिथं, भूक लागली की तिथं, पोरगा देश सोडून गेला की तेही तिथंच.

पहिल्याच वर्षी पाहुण्या डॉक्टरांचा जथा आला. ते असेच येतात, वर्षातून दोनदा, आठवड्यापुरते, गळ्यात कॅमेरे अडकवून. एक म्हातारी आली, हिरवे पीच खाऊन आलेली. म्हणाली, काळजाचं तोंड दुखतंय. पास्कुआला तेव्हा नवी, तिनं जसंच्या तसं सांगितलं. झालं, धावपळ सुरू. म्हातारीला टेबलावर आडवी केली, छातीला तारा लावल्या, गाडीत घालून चार तासांवरच्या शहरात नेली. निघाला गॅस. म्हातारी दोन दिवसांनी परत आली ती खुशीत, कारण जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली होती.

पण पाहुण्यांना भारी गंमत वाटली. एकानं कागदावर काळीज काढलं, त्याला लाल ओठ काढले, दात काढले, जीभ काढली, आणि औषधांच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. जाता-येता हसायचे. मनानं वाईट नव्हते, पण अक्कल नको का माणसाला? पास्कुआला त्या दारासमोर उभी होती, हात पाठीमागं लपवून. पळीचे वळ आठवले असतील. संध्याकाळी तो कागद माझ्या चुलीत गेला. पुढं बावीस वर्षं कुणीही 'काळजाचं तोंड' म्हटलं की ती स्पॅनिशमध्ये एकच शब्द सांगायची, पोट. मला तेव्हा त्यात शहाणपणच दिसलं. आपल्या बोलण्याला कुणी हसू नये एवढंच तिला हवं होतं.

शब्दाची किंमत तिला नव्हती असं नाही हं. लढाईच्या त्या वाईट वर्षांत सैनिक तिला शोधत आले. डोंगरातून माणसं धरून आणलेली, त्यांची चौकशी करायला मधे बोलणारं कुणी हवं होतं. पास्कुआलानं गळ्याला फडकं गुंडाळलं आणि आवाज गेलाय अशी खूण केली. एकवीस दिवस मुकी राहिली. माझ्याशीसुद्धा एक अक्षर नाही, रोग्यांशीही खुणेनं. सैनिक गेले त्या सकाळी फडकं सोडून पहिलं वाक्य बोलली, "आतोलात गोड कमी आहे." मी पळी उगारली आणि मग दोघी रडलो. जीभ माणसाचा जीव घेऊ शकते हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

बाविसाव्या वर्षी, फेब्रुवारीत, पुन्हा पाहुण्यांचा जथा आलेला. गुरुवारी अंगणात दीडशे माणसं. त्यात गास्पार होता. त्याला दवाखान्याचं वावडं, पण सेफेरिनानं निरोप धाडला होता की हा चढावर थांबत थांबत चालतो. म्हणून पास्कुआला स्वतः पाचोखला चढून गेली होती आणि त्याच्या मागं लागून त्याला कबूल करवून आली होती. आला बिचारा, धुतलेला सदरा घालून. डॉन कार्लोससमोर बसला आणि म्हणाला, काळजाचं तोंड दुखतं, चढ लागला की जास्त दुखतं, आणि डावा हात जड पडतो, ओझ्यानं असेल.

पास्कुआलाचं लक्ष बाहेरच्या रांगेकडं. तिनं सांगितलं, माझं पोट दुखतं, चालताना जास्त. हाताचं तिनं सांगितलंच नाही. ओझं वाहणाऱ्या कुठल्या माणसाचा हात जड पडत नाही आमच्यात? तो स्वतःच म्हणाला होता की ओझ्यानं. डॉन कार्लोसनी खाण्यापिण्याचं विचारलं, मिरची कमी करा म्हणाले, पांढऱ्या औषधाची बाटली लिहून दिली. सगळं मिळून तीन मिनिटं. जाताना गास्पार माझ्या चुलीपाशी टेकला. मी त्याला काळा घेवडा आणि भाकरी वाढली. मिरची नको म्हणालेत, असं म्हणून हसला. मी थोडी घातलीच.

रविवारी तो वाटेत गेला. मोळी पाठीवर तशीच, पट्टा कपाळावर, आणि खांद्याच्या पिशवीत ती बाटली, अर्धी संपलेली. बिचारा नेमानं घेत होता.

डॉन कार्लोसना कळलं तेव्हा त्यांनी पास्कुआलाला विचारलं, त्याचं पोटच दुखत होतं ना? ती हो म्हणाली. तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. त्याचे शब्द तिला खरंच आठवत नव्हते, दीडशे जणांचं बोलणं त्या दिवशी तिच्या तोंडून गेलं होतं. आठवलं ते पुरताना. सेफेरिना बायकांना सांगत होती की रात्ररात्र तो छातीच्या खळग्यावर मूठ दाबून बसायचा, आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यागत. बावीस वर्षं डॉक्टरच्या शेजारी उभी राहिलेली बाई ती. त्या हाताचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती थेट माझ्याकडं आली. चुलीसमोर बसली.

"मार्सेला, त्यानं हात सांगितला होता," ती म्हणाली. "मी गिळला."

मी काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्याचं सांगायचं आणि आपलं झाकायचं हे मला जमत नाही. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस. तू गेलीस तर शहरातून कुणी पोरगी आणतील, तिला शाळेतलं किचे येत असेल, डोंगरातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं तिला कप्पाळ कळणार? आणि वर पाचोखमध्ये हे कळलं तर माणसं दवाखान्याची पायरी चढणं सोडतील. एका माणसापायी शंभर मरतील. असं मी तिला समजावलं, आणि मला ते खरंच वाटत होतं. अजूनही कधीकधी वाटतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

ती तीन आठवडे गप्प राहिली. काम करत होती, पण 'मी' म्हणताना अडखळायला लागली. मला ताप आहे म्हणायची आणि थांबायची. आतोल न बघता प्यायची. एकदा मी मुद्दाम गोड न घालता दिलं, तरी तिनं वाडगा रिकामा केला. तेव्हा मला भीती वाटली.

मग एका सकाळी म्हणाली, माझ्यासोबत पाचोखला चल, माझ्या वतीनं बोल.

आमच्यात मोठी गोष्ट मागायची झाली, पोरगी मागायची असो की माफी, तर माणूस स्वतःच्या तोंडानं मागत नाही. पाव आणि चॉकलेट घेऊन जायचं, आणि आपल्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं. तीनदा जायचं. समोरच्यानं पाव घेतला तर मान्य. हा मान गावातल्या म्हाताऱ्यांचा, पण आम्ही मिशनचे झाल्यापासून ते आमच्यासाठी उभे राहत नाहीत. म्हणून मी. जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं बोललेली बाई, आणि तिच्या वतीनं बोलायला कोण, तर माझ्यासारखी तोंडाळ.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द. काळजाचं तोंड, हात, पोट. पास्कुआला अंगणात गुडघ्यावर बसून होती. सेफेरिना कणसं सोलत होती. तिनं ऐकलं, कणसं सोलत राहिली, मग टोपली उचलून आत गेली. पाव परत आणला. दुसऱ्यांदा तर तिनं दारच उघडलं नाही. आत ती होती, धूर दिसत होता. आम्ही उन्हं कलेपर्यंत बसलो. उतरताना मी म्हटलं, पुरे आता, देवाजवळ माग. पास्कुआला म्हणाली की देवाला किचे येतं, त्याला कुणी मधे लागत नाही, म्हणून ते सोपं आहे.

तिसऱ्यांदा सेफेरिनानं दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला हातानं गप्प केलं आणि पास्कुआलाकडं बघून विचारलं,

"त्या गोऱ्या डॉक्टरला माहीत आहे?"

पास्कुआलानं मान खाली घातली.

"मग माझ्याकडं कशाला येतेस? मी तर पहिल्याच दिवशी सगळं ऐकलं. तुझ्यावर भरवसा ठेवून बसलाय तो, उद्या आणखी कुणाचा हात गिळशील." मग ती आत वळली आणि आतूनच म्हणाली, "गुरुवारी येते."

त्यानंतर अकरा वर्षं पास्कुआलानं दवाखान्यात काम केलं. काळजाचं तोंड म्हणणारं एकही माणूस तिनं हात ठेवून दाखवायला लावल्याशिवाय सोडलं नाही, आणि रांग किती का लांब असेना, कुणाचा एक शब्द कमी केला नाही. नव्या पोरींनाही तिनं तेच शिकवलं. पण ते सगळं त्या गुरुवारनंतरचं. आधी मात्र बुधवारी ती मला म्हणाली की उद्या तिचं काम जाणार. डॉन कार्लोस रागावणार नाहीत, ते रागवत नाहीतच, पण ते पुन्हा तिच्या तोंडाकडं विश्वासानं बघणार नाहीत, आणि ते तिला सोसणार नाही. आणि बोलायचं नसेल तर उद्याही सोपं आहे, एवढं म्हणून ती उठून गेली. सोपंच होतं. त्या खोलीत किचे कळणारी तिसरी व्यक्ती कुणी नसते.

सेफेरिना आली. भल्या पहाटे निघाली असणार, कारण रांगेत सातवा नंबर घेऊन बसली होती, काळी शाल डोक्यावर, कुणाशी बोलत नव्हती. सकाळची प्रार्थना झाली. ती प्रार्थनाही पास्कुआलाच किचेत सांगायची. त्या दिवशी सांगताना तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

दहाला मी डॉन कार्लोसची कॉफी घेऊन खोलीत गेले, तेव्हा सेफेरिना नुकतीच आत आली होती. मी कप ठेवून वळले तर सेफेरिना म्हणाली, मार्सेला, थांब, तुला त्याचंही बोलणं थोडं कळतं. मी दाराला टेकून उभी राहिले. मला साक्षीला ठेवलंय हे मला कळलं, आणि पास्कुआलालाही कळलं.

डॉन कार्लोस हसून म्हणाले, काय त्रास होतोय? पास्कुआलानं किचेत विचारलं, "काय त्रास होतो, नान?" नान म्हणजे आमच्यात बाईमाणसाला मानानं म्हणतात.

सेफेरिना डॉक्टरकडं बघून बोलली, पास्कुआलाकडं नाही. आवाज चढवला नाही.

"सांग त्याला. माझा नवरा गास्पार याच खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, काळजाचं तोंड दुखतं. तो म्हणाला, डावा हात जड पडतो. या बाईनं काळीज सांगितलं नाही आणि हातही सांगितला नाही. तिनं पोट सांगितलं. तुम्ही दिलेली बाटली पीत पीत तो मेला."

डॉन कार्लोस वाट बघत होते. त्यांच्या हातात पेन होतं. पास्कुआला उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. खरं सांगते, मला वाटत होतं तिनं पोट म्हणावं. मी सेफेरिनाला नंतर समजावलं असतं, पाया पडले असते तिच्या. म्हण ना गं, पोट दुखतंय म्हण, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

पास्कुआलानं दोन्ही हात नेसणाला पुसले आणि स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. माझा नवरा गास्पार याच खुर्चीवर बसला होता. तिनं एक शब्द गाळला नाही. काळजाचं तोंड तिनं काळजाचं तोंडच सांगितलं, बावीस वर्षांनी पहिल्यांदा. हात सांगितला, बाटली सांगितली. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला, पण ते तिनं पुरं केलं.

डॉन कार्लोसनी पेन खाली ठेवलं. त्यांना समजायला वेळ लागला. "कोण बाई?" त्यांनी विचारलं. "कोणत्या बाईनं पोट सांगितलं?"

सेफेरिनाला ते स्पॅनिश कळलं नाही. उत्तर द्यायला पास्कुआलाच होती. आता 'मी' म्हणून चालणार नव्हतं, त्या खोलीत तिच्या तोंडचा 'मी' रोग्याचा असायचा.

"पास्कुआलानं," ती म्हणाली, आणि छातीवर हात ठेवला. "या बाईनं."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. डॉन कार्लोसनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा घातलाच नाही. मग ते खुर्चीवरून उठले, त्यांचे गुडघे वाजले, आणि म्हातारा माणूस सेफेरिनासमोर उकिडवा बसला. म्हणाले, "मी त्याच्या छातीला नळी लावली नाही. नाडी बघितली नाही. बाहेर रांग होती. मी तीन मिनिटांत बाटली लिहिली आणि मोकळा झालो. हे त्यांना सांग."

पास्कुआलानं सांगितलं, किचेत, जसंच्या तसं. मी त्याच्या छातीला नळी लावली नाही. मी नाडी बघितली नाही. बाहेर रांग होती. तेहतीस वर्षांत तिच्या तोंडून हजारो माणसांचा 'मी' मी ऐकला असेल, पण तो कुणाचा होता ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही. ती रडत होती आणि बोलत होती आणि थांबत नव्हती.

सेफेरिनानं सगळं ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही, आणि पाव तिनं कधीच घेतला नाही. शाल सावरली आणि म्हणाली, आता माझं बघ म्हणावं, मी काही नुसतं भांडायला तीन तास उतरून आले नाही, तो गेल्यापासून मलाही दुखतंय.

"कुठं, नान?" पास्कुआलानं विचारलं. "हात ठेवून दाखवा."

सेफेरिनानं आपला हात ठेवला नाही. तिनं पास्कुआलाचा हात धरला आणि आपल्या छातीच्या हाडाखालच्या खळग्यावर दाबला. जोरानं दाबला. पास्कुआला डॉक्टरकडं वळून म्हणाली, माझ्या काळजाचं तोंड दुखतं. डॉन कार्लोसनी मान हलवली. नळी लावून त्यांनी खूप वेळ ऐकलं, पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, दोन्ही हातांच्या नाड्या बघितल्या. अंगणातली रांग तशीच थांबून होती. शेवटी ते म्हणाले की काळीज ठीक आहे.

"काळीज ठीक आहे," पास्कुआलानं किचेत सांगितलं.

"नाहीये ठीक," सेफेरिना म्हणाली. "नीट सांग त्याला."

पास्कुआलाचा हात अजून तिथंच होता. ती डॉन कार्लोसकडं वळली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "नाहीये ठीक."